सतरंजीपुरती बोट

आमच्या घरात बोटीचा विषय निघाला की पहिला वाद कठड्याच्या रंगावरून होतो. दादा म्हणतो पांढरा. धाकटी आते म्हणते हिरवा. मधल्या चुलतभावाचं म्हणणं असं की कठडा मुळात हिरवाच, वरून पांढरा हात दिलेला, आणि खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटले की खालचा हिरवा डोकवायचा. म्हणजे दोघंही बरोबर. मग वाद शिडीकडे सरकतो, शिडीवरून पाण्याच्या टाकीकडे, आणि उष्टे हात वाळले तरी पानावरून कोणी उठत नाही. एका गोष्टीवर मात्र आमच्यात कधी दुमत झालेलं नाही. जागा धरायची ती डाव्या अंगाला.

मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या बोटीचं डावं अंग किनाऱ्याकडे असतं आणि उजवं उघड्या समुद्राकडे. बोट सुटायची सकाळी दहाच्या सुमाराला. तासा-दोन तासांत ऊन माथ्यावरून पलीकडे कलायचं आणि सूर्य समुद्रात बुडेपर्यंत उजवीकडेच तापत राहायचं. उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारचा वाराही वायव्येकडून, म्हणजे त्याच अंगाने येतो, आणि येताना पाण्याचे तुषार घेऊन येतो. उजवीकडे बसलेल्यांची दुपार घामात जायची आणि संध्याकाळ ओल्या कपड्यांत. डावीकडे सावली, शिवाय खांदेरी-उंदेरीपासून सगळा किनारा बसल्या जागी दिसायचा. भाऊच्या धक्क्यावरच्या हमालांना हे पक्कं ठाऊक. आजोबा हमालाशी मजुरी ठरवायचे ती सामान उचलण्याची नव्हे, जागा धरण्याची. बोटीला फळी लागली की तो डोक्यावर ट्रंक आणि काखेत आमची सतरंजी घेऊन गर्दी फोडत वर धावायचा. आम्ही पोरं धापा टाकत पोचेपर्यंत सतरंजी अंथरलेली, तिच्या एका टोकावर ट्रंक, दुसऱ्या टोकावर होल्डॉल, आणि मध्ये हमाल स्वतः मांडी घालून बसलेला. मागून आजीचा आवाज यायचा, "जागो गावलो काय रे?" गावलेला असायचाच.

आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी 'रोहिदास', 'चंपावती', 'हिरावती' ही नावं असत. आमच्या तोंडी 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'. आजोबांच्या उमेदीत या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा पगडा होता. तिच्याशी टक्कर घ्यायला स्वदेशीच्या वाऱ्यात एक सहकारी कंपनी उभी राहिली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पण लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास आणि सेंट अँथनी अशी नावं दिलेली होती. म्हणजे वारकऱ्याने चढताना आणि ख्रिस्ती गोयकाराने चढताना आपापल्या संताचं नाव वाचावं. आम्ही जाऊयेऊ लागलो तोवर वाहतूक चौगुले कंपनीकडे आली होती, आणि पुढे सत्तरच्या दशकात ती मोगल लाईनने चालवली. मोगल लाईन म्हणजे हाजच्या यात्रेकरूंना जेद्द्याला नेणारी कंपनी. कंपन्या बदलल्या, तिकिटांचे रंग बदलले. डेक तोच राहिला, आणि मला लिहायचं आहे ते त्या डेकविषयी.

वरच्या डेकवर कठड्याला लागून काही बाकं होती. बाकी सगळी नुसती मोकळी जमीन. खुर्ची नाही, आडभिंत नाही, नंबर नाही. पायांखाली लाकडी फळ्या, लांबच लांब, एकमेकींना लागून बसवलेल्या आणि फटींमध्ये डांबर भरलेलं. मे महिन्याच्या दुपारी ते डांबर मऊ व्हायचं. मोठ्या आतेच्या एका जांभळ्या लुगड्याला त्याचा पट्टा लागला तो कधीच निघाला नाही. रॉकेल झालं, खोबरेल झालं, शेवटी तिने त्या लुगड्याचं गोधडीत अस्तर करून टाकलं. आम्ही पोरं त्या मऊ डांबरात पाच पैशांचं नाणं दाबून ठसा उमटवायचो. फळ्यांच्या वर लोखंडी खांब, खांबांवर छत, छताच्या कडेने गुंडाळून बांधलेली ताडपत्री. ऊन वाढलं किंवा तुषार यायला लागले की खलाशी दोऱ्या सोडून ती ताडपत्री खाली सोडत. मग डेकचा रंगच बदलायचा. पिवळट अंधार, आणि ताडपत्रीवर वाऱ्याचा फडफडाट एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे.

छताला आतून लाकडी पट्ट्यांच्या फळ्या मारलेल्या आणि त्यांत जीवरक्षक जाकिटं खोचलेली. विजेचे दिवे लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात. खांब, कठडा, शिडीची साखळी, सगळ्यावर मिठाचा चिकट थर; हात लावला की बोटं एकमेकांना चिकटायची. नळ दोन प्रकारचे. पिण्याचं पाणी टाकीतून, मोजून वापरायचं. हातपाय धुवायला समुद्राचं पाणी, त्यात साबणाला फेस येत नाही. दरवाजाच्या तळाला वीतभर उंच लोखंडी उंबरठा असायचा, लाट आली तर पाणी आत शिरू नये म्हणून. प्रत्येक पोराची नडगी त्या उंबरठ्याला कधी ना कधी फुटलेली आहे. दादाच्या नडगीवर अजून व्रण आहे आणि तो कोणालाही दाखवायला तयार असतो.

या उघड्याबोडक्या डेकइतकी चांगली रचना प्रवासाच्या कुठल्याही वाहनात मी पुढे पाहिली नाही, हे मी पूर्ण विचाराने लिहिते. खुर्ची मिळाली की माणूस तिच्यात बसतो आणि संपतं. नुसती जमीन मिळाली की आधी शेजाऱ्याशी बोलणं भाग पडतं. तुमची सतरंजी कुठे संपते आणि आमची कुठे सुरू होते, पाय कोणाचे कुठल्या दिशेला, रात्री म्हातारीला कठड्यापासून आत घ्यायचं की नाही, तान्ह्या मुलाचा पाळणा कुठल्या खांबाला बांधायचा, हे सगळं ठरवावं लागे, आणि ते ठरेपर्यंत गाव, वाडी, आडनाव, कुठल्या गिरणीत, कुठल्या खोलीत, सगळी चौकशी झालेली असे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेला प्रॉंग्सचा दिवा मागे पडायच्या आत निम्म्या डेकची सोयरीक निघायची. धाकट्या आतेचं लग्न अशाच एका चौकशीतून जमलं. मुलगा समोर नव्हता. त्याची मावशी शेजारच्या चटईवर आवळासुपारी चघळत बसली होती.

चटईला आणि सतरंजीला भिंतीचा मान होता. चपला तिच्याबाहेर काढायच्या. दुसऱ्याच्या सतरंजीवरून चालत जायचं नाही, दोन अंथरुणांमधल्या बोटभर वाटेने एक पाऊल टाकून जायचं. आपलं कोणी जाग्यावर नसलं तरी ट्रंकेला कोणी हात लावत नसे. या नियमांची पाटी कुठेही नव्हती. आम्ही ते आजीच्या चापटांवरून शिकलो.

जागेचं आणखी एक शास्त्र होतं. बोट पुढून मागे हेलकावे खाते तेव्हा नाळ आणि वरवा, म्हणजे दोन्ही टोकं, सर्वांत जास्त उचलली जातात. मध्यभाग त्या मानाने स्थिर राहतो. ज्यांना बोट लागायची भीती, त्यांनी मधोमध बसावं. पण मधोमध धुराड्याचं आवरण, त्याची ऊब आणि डिझेलचा वास. म्हणजे पोट डचमळणार नाही तर डोकं चढणार. आजोबांनी हे गणित आयुष्यभर केलं आणि धुराड्यापासून पाच-सहा हात पुढे, डावीकडे, शिडीपासून दूर ही जागा कायम केली. शिडीजवळ बसलं तर रात्रभर लोक अंगावरून जातात.

खालच्या डेकचं जग वेगळं. तिकीट तिथलं स्वस्त, म्हणून गिरणीतले एकटे चाकरमानी आणि बाजार घेऊन जाणाऱ्या बायका तिथे जास्त. उकाडा, इंजिनाची धडधड तळपायांतून थेट दातांपर्यंत येणारी, आणि वासांची अशी दाटी की डोळे मिटून सांगता यायचं कोण काय घेऊन चाललंय. मुंबईहून जाताना गोणपाट, रॉकेल, नवीन पत्र्याच्या ट्रंका, बेकरीचे टोस्ट. परतीच्या बोटीत आंब्याच्या करंड्या, त्यांतलं वाळलेलं गवत, फणस, आमसुलं, सुकट, आणि टोपलीत पाय बांधलेली एखादी कोंबडी. फाळका, म्हणजे माल खाली उतरवायचं ते मोठं चौकोनी तोंड, फळ्यांनी आणि ताडपत्रीने झाकलेलं असे, आणि त्या झाकणावर पत्त्यांचा डाव बसे. आम्हाला तिथे जायची बंदी होती म्हणून आम्ही तिथेच जायचो. इंजिनघराच्या दारातून खाली वाकून बघितलं की तेलाने चकाकणारे लोखंडी हात वरखाली होताना दिसायचे आणि गरम वारा तोंडावर यायचा. एका पोटऱ्यांपर्यंत काळ्या झालेल्या माणसाने चुलतभावाला एकदा आत उतरू दिलं होतं. तो पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाला. त्याचं श्रेय तो आपल्या वडिलांना देत नाही, त्या माणसाला देतो.

केबिनविषयी मला फार सांगण्यासारखं नाही. एका वर्षी आजी आजारी होती म्हणून काकांनी केबिनचं तिकीट काढलं. दोन बर्थ, एकावर एक. भिंतीला घडीचं हात धुण्याचं भांडं. पितळी कडेची गोल खिडकी, तिच्यातून ताटाएवढा समुद्र. पंखा, पांढरी चादर, दाराला कडी. आजी दोन तास त्यात पडली आणि मग काठी घेऊन वर डेकवर आली. "थंय कोणाचो आवाज येना," म्हणाली. उरलेला प्रवास तिने आमच्या सतरंजीवर केला आणि केबिनमध्ये आमच्या पेट्या राहिल्या.

बोटीवरची माणसंही त्याच किनाऱ्याची. खलाशी, सारंग, सुकाणी हे बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यातले, दाभोळ-जयगडच्या बाजूचे, त्यांत मुसलमान दर्यावर्दी बरेच. स्वयंपाकघरात आणि केबिनकडे वाढपी गोव्याचे ख्रिस्ती. त्यामुळे भाषाही पुढून मागे बदलत जायची. पुढे नांगराजवळ कोकणी मुसलमानी बोली, मध्ये आमची मालवणी, मागे कँटीनकडे गोव्याची कोकणी, आणि एकमेकांना सगळ्यांचं कळायचं. कँटीनचं आमलेट-पाव हा आम्हा पोरांचा सगळ्यांत मोठा हट्ट. घरून दशम्या, लसणीची चटणी, उकडलेली अंडी, केळी असं सगळं बांधून आणलेलं असताना त्या आमलेटला पैसे मोजणं आजीला पटत नसे. पण आजोबा प्रत्येक वेळी एक प्लेट घ्यायचे आणि तिचे आमच्या संख्येइतके तुकडे करायचे. त्या आमलेटात मिरची बारीक नसायची, जाड असायची, आणि कांदा अर्धवट परतलेला. तसं आमलेट घरी करायचा प्रयत्न आम्ही सगळ्यांनी केलेला आहे. कुणालाच जमलेलं नाही.

आता बोट लागण्याविषयी. मुंबई बंदराच्या आत पाणी शांत असतं. प्रॉंग्सच्या दांडीच्या पलीकडे गेलं की खरी लाट लागते. तिथे बायका पदरात लिंबू धरायच्या. कोणी आल्याचा तुकडा, कोणी सुंठ, कोणी फोडलेला कांदा. आजीचं औषध वेगळं होतं: रिकाम्या पोटी राहायचं नाही, खाली वाकून बघायचं नाही, नजर किनाऱ्याच्या रेघेवर ठेवायची. तिसरी गोष्ट शास्त्राला धरून आहे हे मला खूप वर्षांनी वाचायला मिळालं. कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारी जमीन यांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं, आणि दूरची स्थिर रेघ बघितली की तो मेळ थोडाफार परत बसतो. एवढं करूनही लागायची त्याला लागायचीच. मग त्या माणसाची लाज कोणी काढत नसे. अनोळखी बाई येऊन कपाळ धरायची, कोणीतरी पाणी आणायचं, खलाशी बादलीभर समुद्र ओतून फळ्या धुऊन काढायचा, आणि गप्पा जिथे थांबल्या तिथून पुढे चालू.

एक गोष्ट मात्र आजी दर खेपेला न चुकता करायची, आणि ती गंमत नव्हती. जागा लागली, सामान लागलं की ती आम्हा प्रत्येकाला उभं करायची आणि छतातल्या जाकिटांकडे बोट दाखवायची. "झिला, हात पावता काय बघ." ज्याचा हात पोचत नसेल त्याने कोणाच्या खांद्यावर चढायचं तेही ठरवून द्यायची. 17 जुलै 1947 ला 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती, जेमतेम दीड-दोन तासांचा पल्ला. काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला ती बातमी कित्येक तास कळलीच नाही. पोहून किंवा मच्छीमारांच्या होड्यांतून वाचलेल्यांनी ती सांगितली. त्याआधी 1927 च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या होत्या. आजीच्या माहेरच्या वाडीतलं एक घर तेव्हा बसलं ते बसलंच. पावसाळ्याचे चार महिने तर ही बोट बंदच असायची, मे अखेर ते सप्टेंबर. गणपतीला गावी जायचं तर बहुतेक वेळा एस.टी.चाच आधार. बोटीवर खरी झुंबड शिमग्याला आणि मे महिन्यात. सुट्टीच्या उत्साहात असलेल्या पोरांना त्या जाकिटांकडे बघायला लावणं सोपं नव्हतं. आजी ते करायची आणि झाल्यावरच डबा उघडायची.

संध्याकाळी रत्नागिरीचा दिवा दिसू लागला की डेकवर हालचाल सुरू व्हायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड. कुठली बोट कुठे थांबायची ते वर्षागणिक बदलत गेलं. पण प्रत्येक बंदर म्हणजे भोंगा, साखळीच्या खडखडाटात खाली जाणारा नांगर, आणि कठड्यावर ओळीने वाकलेली डोकी. विजयदुर्गाला खोल खाडी, बाकी बहुतेक ठिकाणी खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा किंवा पाण्याखाली खडक. बोट बाहेरच उभी राहायची आणि माणसं पडावातून उतरायची. उतरणाऱ्यांच्या जागा रिकाम्या झाल्या की शेजारचे हळूच आपली सतरंजी वीतभर पसरवायचे. रत्नागिरीनंतर झोपायला पाय लांब करता येत.

रात्रीची बोट हा आमच्या सगळ्यांच्या बोलण्यातला सर्वांत लांब चालणारा भाग. जेवणं उरकली की एका टोकाला टाळ निघायचे. गिरणगावातल्या कुठल्यातरी भजनी मंडळातली चार माणसं एका बोटीवर असणं हे ठरलेलंच. दुसऱ्या टोकाला गोव्याची पोरं मेंडोलिन किंवा गिटार घेऊन बसलेली. सुरुवातीला दोन्हींची खेचाखेच चालायची, मग कधीतरी आपोआप पाळी लागायची: एक अभंग, एक मांडो. दशावतारी कंपनी बोटीवर असली तर रात्र त्यांचीच. पेटारे बांधलेले, अंगावर साधे सदरे, पण आवाज राजाचा. आमच्या एका काकांनी शंकासुराची बतावणी प्रथम ऐकली ती रंगमंचावर नव्हे, 'कोकण सेवक'च्या डेकवर, आडवं पडून.

सत्तरच्या दशकात या गर्दीत गोरी माणसं दिसू लागली. लांब केस, अनवाणी, गोव्याला निघालेले हिप्पी. त्यांनाही वरचा डेकच हवा असायचा. सतरंजीचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. एक जण सरळ आमच्या अंथरुणाच्या कडेवर आडवा झाला. आईने तोंडाला पदर लावला. आजीने त्याला उठवलं, त्याच्या झोळीतली चादर काढून त्याला स्वतःची जागा आखून दिली, आणि मग एक दशमी चटणी लावून हातात ठेवली. चटणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी त्याने आपल्या चादरीची घडी घालून, चपला बाहेर काढून, आजीला वाकून नमस्कार केला.

मध्यरात्रीनंतर दव पडायला लागे. लोखंड घामाघूम व्हायचं, चादरी दमट व्हायच्या, आणि एकेक कुटुंब एकाच घोंगडीखाली जवळ सरकायचं. पोटात गुडगुड व्हावी तशी इंजिनाची धडधड सतत चालू. ती जरा बदलली, मंद झाली, की झोपेतही कळायचं, बंदर आलं. चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही पाळीपाळीने झोपायचो, कारण काका रात्रपाळीला आणि बाबा दिवसपाळीला. गावच्या घरात पुरुष माणसं ओटीवर, बायका माजघरात. आमचं अख्खं घर, आजोबांपासून तान्ह्यापर्यंत, एका ओळीत आडवं झोपलेलं आम्ही पाहिलं ते फक्त बोटीवर. मोठी आते म्हणते, वडिलांच्या शेजारी झोपल्याची तिची एकुलती आठवण ही बोटीवरची आहे. तिच्या वेळच्या मुलींना ते सुख दुसरीकडे कुठे मिळायचं?

बोट बंद का झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. खाड्यांवर पूल होत गेले, एस.टी. दारापर्यंत जाऊ लागली, आणि वर्षातले चार महिने बंद राहणाऱ्या वाहतुकीवर कोण विसंबणार? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही सेवा संपली. नव्वदच्या दशकात काही वर्षं एक वेगवान कॅटामरान मुंबई-गोवा धावली. आत वातानुकूलित, विमानासारख्या खुर्च्यांच्या रांगा. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आमच्या मुलांनी गाव पाहिलं ते बोगद्यांतून बाहेर पडता पडता. 2018 च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' मुंबईहून गोव्याला निघाली तेव्हा भाचीने हौसेने तिकीट काढलं. खोल्या सुरेख, पोहायचा तलाव, उपाहारगृहं. तिने फोटो पाठवले ते आम्ही सगळ्यांनी मोठे करून पाहिले. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्या बोटीवर बघून बरं वाटलं. पण तिला शेजारच्या खोलीत कोण होतं ते विचारलं, तर माहीत नव्हतं. दोष तिचा नाही. त्या बोटीत शेजाऱ्याची गरज पडेल अशी जागाच ठेवलेली नव्हती. कोकणात पुन्हा बोट सुरू करायच्या घोषणा अधूनमधून वाचते तेव्हा मनापासून वाटतं, करा, वेगवान करा, सुरक्षित करा, पण एक मजला उघडा ठेवा. नुसत्या फळ्या आणि वर छप्पर. लोक सतरंज्या घेऊन येतील.

मालवण यायचं ते उजाडण्याआधी. बोट सिंधुदुर्गाच्या बाहेरच थांबायची, कारण किल्ल्याभोवतीच्या खडकांतून वाट माहीत असलेले पडाववालेच आत नेऊ जाणत. काळोखात चारपाच कंदील वरखाली होत जवळ यायचे. खालच्या डेकचा बाजूचा दरवाजा उघडायचा आणि समोर पडाव, क्षणात गुडघ्याला लागणारा, क्षणात पुरुषभर खाली गेलेला. खलाशी दारात एक पाय आत, एक पाय कडेवर रोवून उभा. पोराला दोन्ही दंडांत धरायचं, लाटेवर पडाव वर येईतो थांबायचं, आणि तो वर आला की दुसऱ्याच्या हातांत द्यायचं. तिथे "उडी मार" असं कोणी म्हणत नसे, कारण वेळ आपण साधायची नाही, त्याने साधायची. "पोरांका आधी घेवा," वरून आजी. मग बायका, मग म्हातारे, मग ट्रंका. पडाव भरला की डाग मोजायचे, पैशांवरून घासाघीस करायची, आणि वल्ही पडू लागली की मागे बोटीच्या उजळलेल्या गोल खिडक्यांची रांग वेंगुर्ल्याकडे सरकताना दिसायची.

धक्क्यावर मोठे काका बैलगाडी घेऊन उभे असायचे. त्यांचा पहिला प्रश्न प्रवास कसा झाला हा नसे, अभ्यास कसा चाललाय हाही नसे. "बोट कोणाक लागली?" ज्याला लागली त्याला गाडीत पुढे, त्यांच्या शेजारी बसायला मिळायचं आणि वाटेतलं पहिलं शहाळं त्याचं. आम्ही सगळे एकदम हात वर करायचो.